चुकारा आल्यावर पंधरवड्याच्या आत

ज्या कंपनीत मी पहिली नोकरी केली तिची एकूण मालमत्ता म्हणजे यवतमाळच्या वेशीवर, आर्णी रोडला लागून असलेलं एक वावर, दोन लोखंडी टेबलं, एक जीप आणि मालकाचा आवाज. आवाज ताळेबंदात दाखवता येत नाही. येत असता तर ती कंपनी कधीच तोट्यात गेली नसती.

मालकांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणायचे. भाऊ मूळचे कापूसवाले. बाभुळगावकडे त्यांची शेती होती आणि ती त्यांनी कधी सोडली नाही, पण कापसाचं गणित दरवर्षी जास्तच बिघडायला लागलं तेव्हा त्यांनी रोडलगतच्या वावरात प्लॉट पाडले. त्या वर्षांत ज्याच्या वावराला डांबरी रस्ता चिकटला होता तो प्रत्येक जण प्लॉटच पाडत होता. भाऊंनी मात्र रीतसर कंपनी काढली, प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी असली की बँक लवकर कर्ज देते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कंपनीला दोन संचालक लागतात, म्हणून दुसऱ्या संचालक वहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या. त्या भाजी घ्यायला निघाल्या की ऑफिसात डोकावत, मी पुढे केलेल्या कागदांवर सह्या करत आणि जाता जाता विचारत, "आज कायच्यावर सही केली म्या?"

मी नुकतीच बी.कॉम. झालेली आणि हिशेबाच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त कडक. भाऊ खूश असले की मला 'पोरी' म्हणत आणि बिनसलं की 'मॅडम'. त्या नोकरीत मी बहुतेक काळ मॅडमच होते.

आमचं पहिलं भांडण नकाशावरून झालं. ऑफिसच्या भिंतीवर लेआउटचा मोठा नकाशा होता. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग जीपमधून वावरात फेरी. प्लॉट पसंत पडला की कोपऱ्यातल्या चुना लावलेल्या दगडावर नारळ फोडायचा आणि इसाराची रक्कम भाऊंच्या हातावर ठेवायची. परत आल्यावर भाऊ खिशातून लाल पेन्सिल काढत आणि नकाशावरचा तो चौकोन जीभ दाताखाली धरून स्वतः रंगवत. चौकोन लाल झाला की त्यांच्या लेखी प्लॉट विकला गेला, पूर्ण किमतीला, त्याच दिवशी.

"भाऊ, हा विकला नाही. नुसता इसार आलाय," मी म्हणायचे. "रजिस्ट्री झाली की विक्री. तोवर हे पैसे आपल्याकडे आहेत, पण आपले नाहीत."

"आपले कसे नाईत? माह्या खिशात हायेत ना."

"खिशात असले तरी."

"मंग नारळ काय फुकट फोडला?"

नारळ मी विक्रीच्या खर्चात टाकते, असं सांगितलं तेव्हा ते दिवसभर मला मॅडम म्हणत राहिले.

दुसरं भांडण जमिनीच्या भावावरून. शेजारच्या लेआउटमध्ये भाव वाढला की भाऊ सकाळी ऑफिसात शिरताच सांगायचे, "पोरी, काल रातच्यातून आपल्याले फायदा झाला. लेहून घे." मी म्हणायचे, विकल्याशिवाय फायदा नसतो, वहीत जमीन ज्या किमतीला पडली त्याच किमतीला राहते. मग त्यात मुरूम टाकल्याचा, सपाट केल्याचा खर्च मिळवायचा, बस. भाऊ कपाळाला हात लावत. "माह्या जमिनीचा भाव वाढला हे मले दिसून राह्यलं, साऱ्या यवतमाळले दिसून राह्यलं. तुलेच काहून दिसत नाई?"

असं एकाच कंपनीत आमचं दोघांचं चालायचं. त्यांच्या नकाशावर कंपनी गब्बर होती आणि माझ्या वहीत ती रजिस्ट्रीची वाट पाहत उपाशी बसलेली होती.

पुढे लेआउटमधल्या रस्त्यांसाठी बँकेचं कर्ज काढलं. बँकेच्या साहेबांनी भाऊंना विचारलं, तुमच्या कंपनीची लेखा धोरणं काय आहेत, लेखी आणून द्या. भाऊ कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणत नसत. "हायेत ना, मॅडमजवळ हायेत," असं ठणकावून सांगून ते ऑफिसात आले आणि मला हळूच विचारलं, "ते धोरन आपन कुठं ठेवलं?"

आपल्याकडे असलं काही नाही, असं मी सांगितलं. मग वर्षाअखेरी आमचे हिशेब तपासणाऱ्या सीए साहेबांकडून मी नमुना आणला. तो पुण्याच्या कुठल्याशा बिल्डरचा होता. त्यात क्लबहाउसचा खर्च कसा विभागावा, पोहण्याच्या तलावाची देखभाल कुठे दाखवावी, सगळं होतं. मी मोठ्याने वाचत होते आणि भाऊ डोळे मोठे करून ऐकत होते.

"पोहाचा तलाव?" ते म्हणाले. "इथं प्याले टँकर येऊन राह्यला बाप्पा."

तलाव काढून टाकून आम्ही आमचं धोरण लिहायला बसलो. रजिस्ट्री झाल्यावरच विक्री धरायची, हे पहिलं कलम मी जिंकलं, कारण सीए माझ्या बाजूने होते. जमीन पडलेल्या किमतीला दाखवायची, हे दुसरंही जिंकलं. तिसऱ्या कलमाने, म्हणजे जीपच्या घसाऱ्याने, भाऊंचं मन दुखावलं. गाडी दरवर्षी झिजते म्हणून तिची किंमत थोडी थोडी कमी करत जायची, एवढंच ते कलम होतं. "जीप झिजून राह्यली हे मले म्हाईत हाये," ते म्हणाले, "पन बँकेले कायले सांगता?"

खरी लढाई हप्त्याच्या कलमावर झाली. पुण्याच्या नमुन्यात हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होता. भाऊंना ते ऐकूनच हसू आलं.

"तारखेले कोन देईन इथं? चुकारा आला का हप्ता येते."

चुकारा म्हणजे कापसाचे पैसे. सरकारी खरेदीत कापसाची गाडी मोजून दिली की हातात पावती पडायची, पैसे नाही. ते मागाहून यायचे, बऱ्याचदा चेकने, आणि त्या वर्षांत त्यांचं मागाहून फारच लांबत चाललं होतं. दुकानदाराची उधारी, लग्नाची तारीख, पोराची फी, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं असायचं.

"पण आपली गिऱ्हाइकं काही सगळी शेतकरी नाहीत," मी म्हटलं. "दोन मास्तर आहेत. त्यांचा पगार महिन्याला होतो."

"होते ना. पन मास्तरच्या भावाचा कापूस असते. चुकारा नाई आला का पगार तिकडं जाते."

शेवटी कलम असं झालं: 'हप्ता कापसाचा चुकारा आल्यावर पंधरवड्याच्या आत भरावा.'

"कुणाचा चुकारा?" मी विचारलं. "गावात एकाचा आज येतो, एकाचा महिन्याने."

"माहा. माहा आला म्हंजे सगळ्यायचा आला असं धरा."

मला निदान एक तारीख हवी होती, वहीत लिहिता येईल अशी. म्हणून मी त्यात माझं वाक्य घुसडलं: 'चुकारा आल्याचा दिवस संचालकांनी जाहीर करावा.' आपण फार मोठा पेच सोडवला, अशा थाटात मी त्याखाली रेघ मारली. आणि शेवटचं कलम पुण्याच्या नमुन्यातून जसंच्या तसं उचललं: मुदतीत हप्ता न भरल्यास सौदा रद्द, भरलेली रक्कम जप्त. भाऊंना ते आवडलं. "एखादं कलम तरी कडक पायजे. बँकेले बरं वाटते."

सीए साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, लेखी आहे, सगळ्यांना सारखं आहे, चालेल.

आता असा कागद लोक फायलीत ठेवतात. भाऊंनी तो देवांच्या तसबिरी करणाऱ्याकडून काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणला, सोनेरी पट्टी लावून, आणि लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगला. आलेल्या प्रत्येकाला ते चहाआधी तिकडे बोट दाखवत. "आपल्या कंपनीचं धोरन हाये. लेखी." दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहिनींनी लक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं आणि तोच हात पुढे नेऊन धोरणालाही लावलं. ते कुंकू घसाऱ्याच्या कलमावर बसलं होतं आणि वर्षभर तिथेच राहिलं. ज्या कागदाला कुंकू लागलं तो आता मोडता येणार नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आमचा दुपारचा डबा मावशीच्या मेसमधून यायचा. मावशी आर्णीकडच्या एका तांड्यावरची. नवरा गेल्यावर शहरात आली आणि भाड्याच्या खोल्यांत कॉलेजच्या पोरांची मेस चालवायला लागली. तांड्यावरून आलेली पोरं तिला याडी म्हणत, म्हणजे आई, बाकीचे मावशी. पोळ्या मऊसूत, भाजी झणझणीत, पण दाळ अशी पातळ की वाटीचा तळ स्वच्छ दिसायचा. भाऊ रोज डबा उघडला की दाळीत वाकून पाहत.

"मावशे, तुह्या दाळीत माहं तोंड दिसते," भेटली की ते म्हणायचे.

"मंग तोंड चांगलं करा ना भाऊ," मावशी म्हणायची. "दाळीचा काय दोष?"

मावशीने आमच्या लेआउटमधला कोपऱ्याचा प्लॉट घेतला होता. त्यावर टिनाचं शेड टाकून स्वतःची मेस काढायची, मागे पोरांसाठी दोन खोल्या बांधायच्या, असं तिचं ठरलेलं होतं, आणि चूल कुठे येणार ती जागा तिने मला पायाने जमिनीवर आखून दाखवली होती. सगळे हप्ते तिने भरले होते. राहिला होता शेवटचा, मोठा. आणि नेमका त्याच वर्षी चुकारा येईना.

मावशीचं गिऱ्हाईक म्हणजे कापूसवाल्यांची पोरं. बाप म्हणायचा, चुकारा आला की सहा महिन्यांचं एकदम देतो. इतकी वर्षं असंच चाललं होतं. त्या वर्षी अर्धी मेस उधारीवर जेवत होती. तू यांना थांबव, नाहीतर तुझा हप्ता राहील, असं मी तिला एकदा चढ्या आवाजात सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते.

"पोरगं ताटावर बसल्यावर त्याले चुकाऱ्याची तारीख इचारू काय बाई?"

त्यातच तिच्या घरमालकाने खोल्या पाडून दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं आणि दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करायला सांगितली. म्हणजे प्लॉट गेला तर मेस गेली, आणि आजवर भरलेलं सगळं त्या पुण्याच्या कलमात जप्त. हे कलम मीच उचलून आणलं होतं, त्यामुळे डबा उघडताना मला आताशा मावशीच्या पोळ्या गोड लागत नव्हत्या.

अशात एक दिवस कृषी केंद्राचे मालक आले. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकणारा माणूस, शहरातला वजनदार. त्यांना गोदामासाठी तोच कोपरा हवा होता. भाव आमच्यापेक्षा पुष्कळ वरचा आणि रोख. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी फ्रेमसमोर उभं राहून सगळं धोरण वाचून काढलं.

"भाऊ, हे तर सोपं हाये," ते म्हणाले. "मावशीचा हप्ता थकला. कलम तर भितीवरच हाये. नोटीस द्या, प्लॉट मोकळा करा."

भाऊंच्या टेबलावर त्या दिवशी बँकेचं व्याजाचं पत्र पडलेलं होतं. त्यांचं मन डळमळताना मी समोर बसून पाहिलं. त्यांनी पत्राकडे पाहिलं, नकाशावरच्या लाल कोपऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, नोटीस टाइप करा."

मला इतका राग आला की मी टाइपरायटरची बटणं ठोकायलाच लागले. आपण अमुक प्लॉट घेतला, अमुक रक्कम भरली, इथपर्यंत झालं. मग आलं, 'आपला शेवटचा हप्ता दिनांक', आणि मी थांबले.

"भाऊ, तारीख कोणती टाकू?"

"कायची तारीख?"

"हप्ता कधी द्यायचा होता ती. ती गेल्याशिवाय चुकला कसा म्हणायचा?"

"चुकारा आल्यावर पंधरवड्याच्या आत," भाऊ पाठ केल्यासारखे म्हणाले.

"मग चुकारा कधी आला?"

"आला कुठं अजून? येऊनच नाई राह्यला, तीच तर बोंब..." आणि भाऊ मध्येच थांबले.

मी पुढे म्हटलं, चुकारा आला नाही म्हणजे तो जाहीर झाला नाही, जाहीर झाला नाही म्हणजे पंधरवडा सुरूच झाला नाही. आपल्या धोरणाप्रमाणे मावशीचा हप्ता अजून लागूच झालेला नाही. तिचाच काय, कुणाचाच नाही.

"टाका ना एखादी तारीख," कृषी केंद्रवाले वैतागून म्हणाले. "कोन पाहून राह्यलं?"

ही त्यांची चूक झाली. भाऊंना लोभ दाखवला असता तर चाललं असतं, पण त्यांच्या फ्रेमला एखादी तारीख चिकटवायला सांगणं म्हणजे अतीच झालं. भाऊ उठले, काचेवर बोट ठेवून ते कलम एकेक शब्द लावत वाचलं आणि वळून म्हणाले, "एखादी म्हंजे? कंपनी हाये ही, पानठेला नोहे. माहा चुकारा येईन, मी जाहीर करीन, मंग पंधरवडा, मंग नोटीस. तवा या."

ते माणुसकीतून बोलले की ऐटीतून, हे मला त्या दिवशी कळलं नाही. ऐटच जास्त होती असं मी तेव्हा धरून चालले. अर्धवट टाइप केलेली नोटीस मी टाइपरायटरमधून काढून चुरगाळली, आणि भाऊंनी ते पाहिल्यावरही काही म्हटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुणाकुणाचे चुकारे सुटायला लागले. एका दुपारी भाऊ बाहेर गेले होते आणि मला शिक्क्याचं पॅड सापडत नव्हतं, म्हणून मी त्यांचा खण उघडला. पॅडखाली चेक होता. कापसाचा, भाऊंच्या नावाचा. वाटेतच कुठेतरी पडून राहिला असावा, कारण त्यावरची तारीख आधीच बरीच जुनी होती. भाऊंचा चुकारा आला होता आणि भाऊंनी तो जाहीर केला नव्हता.

आधी मला वाटलं, विसरले असतील. पण दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रवाले आले. "माह्या गिऱ्हाइकायचे चुकारे येऊन राह्यले, भाऊ. तुमचा नाई आला?"

"माहा नंबर मांगं हाये," भाऊ डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले आणि हाताने खण नीट लोटून घेतला.

मी फ्रेमकडे पाहिलं. 'संचालकांनी जाहीर करावा.' कधीपर्यंत करावा, हे मी लिहिलंच नव्हतं. म्हणजे नियम कुठेही मोडत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या कच्च्या कामाचा अभिमान वाटला.

आता गंमत अशी की धोरण सगळ्यांना सारखं होतं. चुकारा जाहीर नाही म्हणजे मावशीच नाही, सगळा लेआउटच बिनघोर झाला. काही भल्या माणसांनी आपणहून पैसे आणून दिले. बाकीचे रस्त्यात भाऊंना नमस्कार करून विचारत, "मंग भाऊ, चुकारा?" भाऊ मान हलवत आणि ते समाधानाने पुढे जात. दोन्ही मास्तर तर इतके खूश होते की एकाने नकाशावरचा आपला चौकोन फिका पडला म्हणून स्वतः पेन्सिल मागून पुन्हा रंगवला. बँकेचं दुसरं पत्र आलं, त्यातली भाषा पहिल्यापेक्षा आखूड होती.

पत्रानंतरच्या आठवड्यात ऑफिससमोर जीप दिसली नाही. भाऊ कुणाच्यातरी जुन्या स्कूटरवरून आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तशीबी झिजूनच राह्यली होती. तुम्हीच तर लेहून ठेवलं." बँकेचं व्याज भरल्याची पावती त्यांनी माझ्यापुढे टाकली. त्यानंतर गिऱ्हाईक नारळ मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागे बसून वावरात जायला लागलं.

मग वहिनी आल्या. भाजीची पिशवी रिकामी, म्हणजे त्या खास आल्या होत्या.

"आपला चुकारा आला म्हंते पोस्टमन."

"पोस्टमनले काय कयते?" भाऊ म्हणाले.

"त्यानं हातात देला म्हंते तुमच्या."

भाऊ नकाशा पाहायला लागले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. त्यांची नजर टेबलावरच्या मावशीच्या डब्यावर गेली, तिथून भिंतीवरच्या फ्रेमवर, आणि मग त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकल्या. त्यांना सगळं समजलं होतं, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं.

"चेक म्हंजे काही लोनचं नोहे मुरवाले," त्या म्हणाल्या. वहिनींनी थोडा वेळ पदराने वारा घेतला आणि उठल्या. "ठीक हाये. नाई आला तर नाई आला. मीबी संचालक हाये. कोनी इचारलं तर मीबी तेच सांगीन." आणि त्या दिवशी एकही सही न करता त्या निघून गेल्या.

इकडे मावशी उन्हाळाभर राबत होती. कॉलेजला सुट्ट्या लागल्यावर तिने लग्नांचे स्वयंपाक घेतले. ज्यांचे चुकारे आले त्या बापांच्या हातात सोसायटीच्या कर्जाची कपात होऊन थोडंच उरलं होतं, पण त्यांनी जमेल तसं दिलं, काहींनी पैशाऐवजी तूर आणून टाकली. "नाई आला ना अजून तुमच्या भाऊचा चुकारा?" ती मला अधूनमधून विचारायची, आणि मी नाही म्हणायचे. खोटं बोलताना माझे कान गरम होतात. तिने ते पाहिलं असेल तर कधी बोलून दाखवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डबा घेऊन मावशी स्वतः आली. एरवी तो रिक्षावाल्याबरोबर यायचा. तिने डबा भाऊंच्या टेबलावर ठेवला आणि वरचं झाकण काढलं. वरच्या कप्प्यात पोळ्या नव्हत्या, नोटा होत्या. नीट लावलेल्या, लसणाच्या चटणीचा वास येणाऱ्या.

"मोजा," ती मला म्हणाली. "पुरा हाये."

मी मोजल्या. पुरा होता.

"पाहा भाऊ," मावशी ताठ उभी राहून म्हणाली, "चुकाऱ्याच्या अगोदर आनला. पंधरवड्याची गरज नाई पडली. कोनाची मेहेरबानी नाई."

"कोनाची नाई," भाऊ म्हणाले. "नियमानं आनला तू. वेळेच्या अगोदर."

मग त्यांनी खण उघडला, पॅडखालचा चेक काढला आणि मावशीला दिसणार नाही अशा बेताने माझ्या वहीखाली सरकवला. "मॅडम, लेहून घ्या," ते मोठ्याने म्हणाले. "चुकारा आला. जाहीर."

मी तारीख लिहिली. माझे डोळे भरून आले होते आणि अक्षर वाकडं आलं, ते अजून तसंच आहे. इतके दिवस या माणसाला मी लाल पेन्सिलवाला, आवाजाचा धनी म्हणून मनातल्या मनात हसत आले होते. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला, हे सांगायला मला काही संकोच वाटत नाही.

रजिस्ट्री लगेच झाली. त्या वर्षी माझ्या वहीत धरलेली ती पहिली विक्री, आणि भाऊंनी नकाशावरचा कोपरा पुन्हा गडद केला तेव्हा मी काही म्हटलं नाही. दसऱ्याच्या आधी टिनाचं शेड उभं राहिलं आणि चूल तिने पायाने आखली होती तिथेच लागली. कृषी केंद्रवाल्यांनी दुसरीकडे गोदाम बांधलं. पण पोरं सांभाळायला मावशीच्या मेसइतकी बरी जागा नाही, असं म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी आपला भाचा तिथेच जेवायला घातला.

चेक मात्र बँकेने घेतला नाही. काउंटरवरच्या बाबूने तो उलटापालटा करून पाहिला आणि मला परत दिला. मुदत संपली होती, चेक शिळा झाला होता. आता अर्ज, हेलपाटे, नवा चेक, आणि तो कधी येईल ते कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. मी परत येऊन भाऊंना सांगितलं. ते डबा उघडत होते.

"मंग हे नुसकान कोनत्या कलमात टाकशीन?" त्यांनी विचारलं.

मी फ्रेमकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत वाचली. तसं कलम आम्ही लिहिलंच नव्हतं, असं मी सांगितलं.

"राहू दे मंग," भाऊ दाळीच्या वाटीत वाकून म्हणाले. "आन पोरी, मावशीले सांगू नको. उगाच दाळ घट्ट करीन आपल्यासाठी."

मी सांगितलं नाही. दाळ शेवटपर्यंत पातळच येत राहिली.